छापेचा नारळ

मोबाइलवर आमच्या खडी गंमत मंडळाचं एक गाणं फिरतं. हिंगण्याच्या कारखान्यातला एक कामगार, घरून निघायला उशीर, कंपनीची बस डोळ्यांदेखत सुटते आणि हा बापडा रस्त्यावर उभा. ‘गेली बस, गेली बस, डबा राहिला हातात.’ वरातीत वाजलं, गणपतीत वाजलं, परवा तर आमच्या गल्लीत भंगारवाल्याच्या गाडीवर वाजत होतं. हे गाणं मी लिहिलंय. चालही माझीच. त्या व्हिडिओत मी आहेसुद्धा. अगदी डाव्या कडेला, ढोलकीवाल्याच्या मागे, एक कोपर आणि अर्धा कान.

पाहुणे आले की बायको तो लावते आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगते, हे पाहा, हे आमचे. पाहुणे डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, हो हो, दिसले. आजवर कोणालाही दिसलेलो नाही. माझं नाव इथंही लिहीत नाही, कारण लिहिलं तरी तुम्हाला त्यावरून काही कळायचं नाही. यावरून माझ्या कीर्तीचा अंदाज यावा.

खडी गंमत म्हणजे काय, हे पूर्वी नागपूरच्या बाहेर समजावून सांगावं लागायचं, आता नागपुरातही लागतं. शाहीर डफ घेऊन पुढे उभा, बाजूला ढोलकी, मागे तीन-चार झीलकरी. झीलकऱ्याचं काम एवढंच की शाहिराची ओळ संपली की ती उचलून धरायची. सगळा कारभार उभ्याउभ्या. मी तीस वर्षं मागे उभा राहिलेला झीलकरी आहे. हप्ताभर हिंगण्याला लेथ मशीनवर उभा, सुटीच्या दिवशी मंडळात उभा. दोन्हीकडून निवृत्त झालो तेव्हा डॉक्टरांनी पायांच्या फुगलेल्या शिरा बघून विचारलं, तुम्ही बसलात कधी?

आमचे शाहीर नागपूरच्या महाल भागात एका बोळात राहतात. खाली त्यांचं कुकर-शेगडी दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. दिवसभर लोकांच्या कुकरच्या शिट्ट्या नीट करायचे आणि संध्याकाळी आमचे गळे. कुकरांनी त्यांचं जास्त ऐकलं, असं ते स्वतःच सांगायचे. माणूस मोठा होता, आवाज त्याहून मोठा. त्यांच्या हाताखाली मी गाणी रचायला लागलो आणि पहिल्या दहा वर्षांत मला खात्री झाली की मी त्यांच्यापेक्षा बरं लिहितो. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. चेहऱ्यावर मात्र दिसत असणार.

आता छापेचं सांगतो, कारण माझं सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालतात, ती त्याची छाप. पण शिष्यानं स्वतःची छाप घालायची नाही. गाणं शिष्याचं असलं तरी नाव गुरूचं. हा आता तयार झाला, असं गुरूला वाटलं की तो चारचौघांत नारळ आणि शेला देतो आणि शिष्याचं नाव घातलेलं कडवं स्वतःच्या तोंडानं म्हणतो. याला छाप उघडणं म्हणतात. एकदा गुरूच्या तोंडून नाव निघालं की शिष्य मोकळा. दुसऱ्या फडांचं मला माहीत नाही, आमच्यात तरी असंच चालत आलं. म्हणून माझ्या सगळ्या गाण्यांच्या शेवटी शाहिरांचं नाव आहे. बसच्याही.

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्यावर अन्याय झाला. तसं काही नाही. नारळ आला होता. मीच परत पाठवला.

दिवाळीनंतर भंडाऱ्याकडच्या गावांत मंडई भरते. दिवसाढवळ्या जत्रा, पाळणे, जिलेबी आणि एका बाजूला खडी गंमत. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका मंडईत शाहिरांनी अचानक ढोलकी थांबवली, झोळीतून नारळ आणि शेला काढला आणि मला पुढे बोलावलं. हजारभर लोक, माइक चालू, आणि शाहीर प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगू लागले की हा पोरगा चांगला लिहितो. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा पोरगा होतो. इथं त्यांनी थांबायला हवं होतं. पण शाहीर कसले थांबतात! ते पुढे म्हणाले, याचं तिसरं कडवं दरवेळी लंगडते, पण चालते, आपलाच माणूस आहे.

लोक हसले. वाईट नाही हसले, जत्रेत हसतात तसे हसले. पण माझा राग नाकावर बसलेलाच असतो, त्याला लांबून यावं लागत नाही. मी माइकवरच म्हणालो, “ठेवा तुमचा नारळ.” आणि ताडताड मंचाच्या पायऱ्या उतरून निघून गेलो. जाऊन जाऊन जाणार कुठं? एसटी संध्याकाळी पाचला. तीन तास पाळण्याच्या मागे एका दगडावर बसून राहिलो. कार्यक्रम संपला तेव्हा मंडळातल्या कोणीतरी तोच नारळ फोडला आणि खोबरं वाटत वाटत माझ्यापर्यंत आणलं. मी तुकडा घेतला. भूक लागली होती.

त्यानंतर त्यांनी पुन्हा नारळ काढला नाही आणि मी मागितला नाही. अबोला नव्हता हो. रोजचं येणंजाणं, चहा, तालमी, सगळं तसंच. फक्त तो एक विषय आला की दोघंही हवापाण्याबद्दल बोलायचो. मी गाण्यामागून गाणी लिहीत गेलो, शेवटी त्यांचं नाव घालत गेलो, ते गात गेले. एकदा तरी स्वतःहून म्हणतील, असं मला दरवर्षी वाटायचं. एकदा तरी हा नाक खाली करून येईल, असं त्यांना वाटत असावं. बायको म्हणायची, तुम्ही दोघं एकाच गिरणीचं पीठ आहात, फक्त त्यांचा आवाज चांगला आहे.

या वर्षी होळीनंतर शाहिरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं पार गेलं. फोन आला तेव्हा मी जेवत होतो. माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, गेला आपला नारळ. त्यानंतर शाहिरांची काळजी आली. फार वेळानं नाही, घासभर वेळानं; पण नंतरच आली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला गेलो. पलंगावर उशांना टेकून बसलेले, तोंडाची एक बाजू उतरलेली, डोळे मात्र तेच. बोलायचा जीव तोडून प्रयत्न करायचे आणि तोंडातून एकच शब्द यायचा, “बैताड.” बाकी सगळी भाषा गेली आणि नेमकी ही एक शिवी, म्हणजे आमच्याकडचं ‘वेडपट’, मागे राहिली. डॉक्टरांना बैताड, मालिशवाल्याला बैताड, सत्यनारायणाच्या कथेचं सांगायला आलेल्या गुरुजींनाही बैताड. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यातलं सगळं समजायचं. हळू म्हटलं तर चहा, ओढून म्हटलं तर खिडकी लावा, जोरात म्हटलं तर पाहुण्यांना घालवा. मला बघून जे म्हणाले ते खास माझ्यासाठी होतं. त्याचा अर्थ काकूंना विचारावा लागला नाही.

दोनदा जाऊन नुसता बसून आलो. मूक माणसासमोर काय बोलावं ते सुचत नाही, आणि मला तर एरवीही त्यांच्यापुढं सुचायचं नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काही सुचेना म्हणून समोरच्या स्टीलच्या ताटलीवर बोटांनी ताल धरला आणि बसचं गाणं गुणगुणायला लागलो. दुसऱ्या ओळीला शाहिरांनी तोंड उघडलं आणि गायले. स्वच्छ. ‘डबा राहिला हातात.’ एकेक शब्द मोजून घ्यावा असा. काकू आतून धावत आल्या, खालच्या दुकानातून त्यांचा मुलगा हातातला पाना घेऊन वर आला. गाणं शेवटपर्यंत झालं. मग मुलानं विचारलं, बाबा, पाणी देऊ का? शाहीर म्हणाले, बैताड.

वाचा सुधारायला घरी येणाऱ्या मॅडमनी सांगितलं की असं होतं. बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या ठिकाणी असतं. एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहू शकतं. कोणीतरी रोज यांच्यासोबत गायला हवं, त्यानं फायदा होईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब हो म्हणालो, आणि काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

माझ्या मनात काय शिजत होतं, हे त्या माउलीला कुठं ठाऊक! शाहीर गाऊ शकतात. म्हणजे माझं नाव गाऊ शकतात. गुरूच्या तोंडून नाव निघालं की छाप उघडली. नारळ काय, मीच आणीन, सव्वीस आणीन.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी दहाला महालात हजर. आधी त्यांची जुनी गाणी, मग बसचं गाणं. शेवटचं कडवं आलं की मी त्यांच्या नावाच्या जागी माझं नाव दडपून म्हणायचो. ते त्यांचं म्हणायचे. दोन नावं एकमेकांवर आदळायची, ताल सुटायचा, ते डोळे वटारायचे, बैताड. पुन्हा पहिल्यापासून. मी माझं नाव मोठ्यांदा म्हणून पाहिलं, हळू म्हणून पाहिलं, एकदा तर कागदावर ठळक लिहून समोर धरलं. त्यांनी डाव्या हातानं तो कागद घेतला आणि त्यावर चष्मा ठेवला.

बोळात माझा फार बोलबाला झाला. शिष्य असावा तर असा, म्हणायला लागले लोक. समोरचा पानवाला गाडी लावायला जागा धरून ठेवायचा. काकू रोज पोहे करायच्या आणि मी रोज दोन बश्या खायचो. एका म्हाताऱ्यानं तर मला वाकून नमस्कार केला आणि मी तो घेतला. घरी फक्त बायकोला सगळं माहीत होतं. एकदा चपला घालताना तिनं विचारलं, “काहो, तुम्ही सेवा करून राहिले का नारळ सोलून राहिले?” मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, तेच म्हटलं, सेवा करताना माणसाचं वजन वाढत नाही.

असे दीड महिने गेले. आणि एका सकाळी ते झालं. शेवटचं कडवं आलं, मी नावाच्या आधी श्वास घेतला आणि शाहीर थांबले. माझ्याकडे पाहिलं. तोंडाची चांगली बाजू जरा वर गेली. मग त्यांनी माझं नाव घेतलं. नुसतं घेतलं नाही. वरच्या सुरावर चढवलं, तिथं खेळवलं आणि समेवर आणून ठेवलं. माझ्या नावात एवढी जागा आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं. त्यांनी ते समजून म्हटलं का रोज ऐकून ऐकून तोंडात बसलं होतं, ते देव जाणे. मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही. मी रडलो. चक्क हुंदके देऊन, ताटली मांडीवर धरून रडलो. पंधरा वर्षांचा राग एका क्षणात कुठं गेला ते कळलं नाही, आणि मला शाहिरांवर इतकं प्रेम आलं की मी त्यांचे पाय धरले. त्यातला एक पाय त्यांना जाणवतही नव्हता.

काकू दाराशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. म्हणाल्या, चांगलं झालं गा, तुह्यं नाव आलं त्यांच्या तोंडात. मग मेथीच्या काड्या मोडू लागल्या. मी नाक पुसत होतो. खाली मान घालूनच त्या बोलल्या.

“गाण्यात सारेच हायेत गा. बस हाये, डबा हाये, आता तूही आला. मी कोठंच नाही. दोन महिने झाले, त्यांनी मले हाक मारली नाही.”

तक्रारीचा सूर नव्हता. भाजी महाग झाली, असं सांगावं तसं सांगितलं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच होतं ते. रागाची बैताड, चहाची बैताड, सगळी त्यांच्याच वाट्याला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या तोंडून एक हाक नाही, आणि मी त्या आजारी माणसाच्या दीड महिन्याच्या सकाळी कशावर खर्च केल्या? त्यांच्याच घरचे पोहे खाऊन! त्या दिवशी पहिल्यांदा मी दुसरी बशी नको म्हणालो. आनंद पुरता अर्धा तासही टिकला नाही.

शाहीर काकूंना नावानं हाक मारत नसत. त्या पिढीत कोण मारतं? पण मंडळाच्या कार्यक्रमाहून आम्ही परतायचो तेव्हा मी डफ घेऊन त्यांच्या मागे जिना चढायचो, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला की ते वर तोंड करून ओरडायचे, अवं, आलो वं. दरवेळी तेच, त्याच स्वरात. मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्यात गाणं आहे, हे कधी कानाला लागलं नव्हतं. मी त्यांच्यापेक्षा बरं लिहितो, हे सांगितलंच आहे.

दोन दिवस घरी कागद घेऊन बसलो. मोठी कारागिरी करायची नव्हती. त्यांच्या जिन्यातल्या स्वरालाच चाल मानलं आणि पुढं शब्द जोडले.

गावोगाव हिंडलो, डफ खांद्यावरी,
लोकांना हसवलं उभ्या दारोदारी,
पाय आता थकले, सोडली वारी,
अवं, आलो वं, आलो वं घरी.

‘वारी’ला बायकोनं भुवई उडवली, शाहीर कधी वारकरी झाले, म्हणाली; म्हणून ती ओळ बदलून ‘पाय आता थकले, नको दुनियादारी’ केली. अशी तीन कडवी झाली. मग चौथं, छापेचं. हात सवयीनं चालला आणि मी पाहतो तर माझं नाव लिहून मोकळा झालेलो. आता परवानगी होती ना! ते खोडलं. शाहिरांचं घातलं. तेही बरं दिसेना. घरी आलेला माणूस बायकोला स्वतःचं नाव कशाला सांगेल? तेही खोडलं. छापेचं कडवंच लिहिलं नाही. बायकोनं कागद वाचला आणि विचारलं, तुमचं नाव? मी म्हटलं, नाही. तिनं कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला. काहीही टोमणा मारला नाही, तेव्हा मला जरा भीतीच वाटली.

शिकवणं मात्र कठीण गेलं. जुनी गाणी त्यांच्यात मुरलेली होती. नवं काही आत शिरेना. पहिले चार दिवस ते नुसते ऐकत. पाचव्या दिवशी चाल गुणगुणले, शब्द नाहीत. मी ‘अवं’ म्हणायचो, ते तोंड उघडायचे, तिथं बैताड येऊन उभा राहायचा आणि ते चिडून उशीवर मूठ आपटायचे. एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, शाहीर, राहू द्या, आज नको. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि ताटलीवर आपटलं. म्हणजे, वाजव. माझ्या नावासाठी त्यांनी एवढा जीव काढला नव्हता. मलाही पहिल्यांदाच माझं काही नको होतं, आणि त्यामुळं ताल सरळ पडत होता.

काकूंना आम्ही काय करतोय ते माहीत नव्हतं. त्या खोलीत आल्या की मी बसचं गाणं सुरू करायचो. होईल न होईल, उगाच आशा कशाला लावा.

दोन आठवडे झाले असतील. सकाळचे अकरा वाजले होते. काकू आत भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. मी काही गात नव्हतो; घसा बसला होता म्हणून नुसता ताल धरून होतो. शाहीर खिडकीबाहेर बघत होते. बघता बघता त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि अगदी जिन्याच्या पायथ्यावरून गायल्यासारखं गायले.

“अवं, आलो वं, आलो वं घरी.”

“आली, आली जी,” आतून आवाज आला. लगेच. विचार न करता, हात न थांबवता, चाळीस वर्षांच्या सवयीनं. दोन थापा आणखी पडल्या. मग थापणं बंद झालं.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कोणी हललं नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, कोपरापर्यंत पीठ. शाहिरांनी पुन्हा म्हटलं, आता त्यांच्याकडं बघून, हळू. माझा हात ताटलीवर थांबला होता. काकूंनी पदर सारखा केला, त्यालाही पीठ लागलं. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांच्याकडं बघून म्हणाल्या,

“लय उशीर केला जी.”